नोंद खोडणाऱ्याचं नाव: एसए

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, फोन आला. फेरोसिलिकॉन या ओतकामात लागणाऱ्या मिश्रधातूच्या ११ आवक नोंदी संगणकातून गायब होत्या. पुरवठादाराची बिलं हिशेबात, पण गोदामात माल नेमका तेवढाच कमी. संशय स्टोअरच्या काकांवर. नोंदी कुणी खोडल्या ते डेटाबेसमधून काढून द्यायचं होतं.

पाच मिनिटांत कळलं, निघणार नाही. नऊच्या नऊ मशीन 'एसए' या एकाच लॉगिनवर चालत होत्या. एसए हा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरचा सर्वाधिकारी, त्याला कशाचीच आडकाठी नसते. त्याचा पासवर्ड शेअर फोल्डरमधल्या फाइलीत उघडा पडलेला. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचं नाव वेगळं होतं, मालकांचा भरवसा त्यावरच. पण ते नाव त्या नोंदीच्याच ओळीत बसतं. ओळ खोडली की नावही गेलं. सॉफ्टवेअर नोंद रद्द करताना कारण विचारतं आणि ते जपून ठेवतं. तसं कारण कुठंच नव्हतं, म्हणजे कुणीतरी सॉफ्टवेअर टाळून थेट डेटाबेसच्या टेबलात, नोंदींच्या तक्त्यात, हात घातला होता. काकांना तर प्रिंट काढायलाही पोरगा लागायचा. हे मी मालकांना सांगितलं. हा पुरावा होत नाही, हेही मलाच सांगावं लागलं.

मग प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय पहिल्यापासून होती, बसवणाऱ्यांनी कधी वापरलीच नाही. स्टोअरला आवक टाकता येईल, खोडता येणार नाही. अकाउंट्सला स्टोअरची टेबलं फक्त वाचायला. खोडलेली प्रत्येक ओळ लॉगिनच्या नावासकट दुसऱ्या टेबलात उतरेल असा ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारा आदेश, लावला.

दुपारी डिस्पॅचचं बिल अडकलं: एरर २२९, म्हणजे परवानगी नाही. वाचायची-लिहायची परवानगी दिली तरी स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्ये साठवलेली आज्ञावली, चालवायची वेगळी द्यावी लागते. गेटवर ट्रक उभा. सॉफ्टवेअरवाला फोनवर म्हणतो, "डीबी-ओनर देऊन टाका की, सगळं चालतंय." डीबी-ओनर म्हणजे त्या डेटाबेसचे सगळे अधिकार. याच सवयीनं तर ही वेळ आणली होती. मी दिलं नाही. एकेक प्रोसिजर शोधून परवानगी देत गेलो. ट्रक चारला सुटला, माझं काम सातला.

निघताना काका दारात उभे होते.

"सर, माझं नाव दिसतंय का वो त्यात?"

"नाही काका."

"मग तसं सांगा की मालकांना."

"सांगितलं. पण कुणाचंच दिसत नाही, काका."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. त्यांच्या नावाचं लॉगिन मी दुपारीच तयार केलं होतं. महिन्याभरानं गेलो, तेव्हा ते मीच बंद केलं.