“सिस्टर, ऑक्सिजन लावा ना!”

तालुक्याच्या गावी माझं मेडिकलचं दुकान आहे. अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल रोज विकतो. कुणाला थकवा असतो, कुणाचे केस गळतात, कुणाला नुसतं ‘ताकदीचं काहीतरी’ हवं असतं. त्यामुळे औषधातलं आपल्याला थोडंफार कळतं, असा माझा समज होता.

बायकोच्या बाळंतपणात बाळाच्या आधी नाळ खाली सरकली आणि तातडीने सिझर करावं लागलं. बाळ रडलं नाही. दार अर्धवट उघडं होतं. आत सिस्टर अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास देत होत्या, आणि त्या बॅगेला सिलिंडरची नळीच जोडलेली नव्हती! मी दारातूनच ओरडलो, “सिस्टर, ऑक्सिजन लावा ना!” त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. त्यांच्याविरुद्धचा तक्रार अर्ज माझ्या डोक्यात तिथेच लिहून झाला.

श्वास आला, पण अंग ढिलं. दहाव्या मिनिटाचा अपगार, म्हणजे जन्मल्यावर बाळाच्या तब्येतीला देतात ते गुण, दहापैकी ५. शहरातल्या एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, सहा तासांच्या आत आणा आणि वाटेत ऊब देऊ नका. १०८च्या गाडीत बाळाच्या अंगावर फक्त लंगोट. माझी आई सारखी म्हणत होती, “अरे, दुपट्यात गुंडाळा तरी त्याला.” चौथ्या तासाला पोचलो.

निदान एचआयई, म्हणजे ऑक्सिजन आणि रक्त कमी पडून मेंदूला झालेली इजा, मध्यम स्वरूपाची. बाळाला गार गादीवर ठेवून शरीराचं तापमान ३३.५ अंशांवर आणायचं आणि ७२ तास तिथेच धरायचं, हा उपचार. संमतीपत्रावर सही घेण्याआधी बाईंनी एक गोष्ट लपवली नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या ‘हेलिक्स’ चाचणीत २०२१ साली असं दिसलं होतं, की गार ठेवून अपंगत्व टळलं नाही, उलट मृत्यू जास्त झाले. “पण याला झालेला त्रास नेमका जन्माच्या वेळचा आहे, वेळेत आलाय, आणि आमच्याकडे व्हेंटिलेटर, सगळी देखरेख आहे. माझं मत गार करावं असं आहे. निर्णय तुमचा.” सही करताना पेन दोनदा थांबलं.

पहिल्या रात्री झटके आले, फिनोबार्ब सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने फोनवर चार-पाच शोधनिबंध पाठवले. अशा बाळांसाठी अँटिऑक्सिडंट. मेलाटोनिन, अ‍ॅलोप्युरिनॉल, एरिथ्रोपोएटिन. मी हरखलोच. पहिली दोन तर माझ्या दुकानात होती, एक झोपेसाठी, दुसरं युरिक अ‍ॅसिडसाठी. बाईंना गाठलं, “मॅडम, मी आत्ता आणून देतो.”

त्या रागावल्या नाहीत. केसपेपरच्या मागे त्यांनी दोन डोंगर काढले. पहिला म्हणजे जन्मावेळचा घाव. मग काही तासांची उसंत, तेव्हा सगळं सावरलंसं वाटतं. मग दुसरा डोंगर. पेशींची ऊर्जा पुन्हा ढासळते आणि हे दोन-तीन दिवस चालू राहतं. रक्तपुरवठा परत सुरू झाला की त्याच्याबरोबर आलेल्या ऑक्सिजनपासूनच फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तयार होतात. अँटिऑक्सिडंट त्यांनाच आवरतात. नवजात मेंदूत त्यांना सहज बळी पडणारी चरबी भरपूर आणि त्यांना आवरणारी यंत्रणा अजून कच्ची. अ‍ॅलोप्युरिनॉल ज्या एन्झाइमला अडवतं, ते म्हणजे फ्री रॅडिकलचाच एक कारखाना.

“मग द्या की!”

“एरिथ्रोपोएटिनची अमेरिकेत ५०० बाळांवर चाचणी झाली, २०२२ साली निकाल आला. गार करण्याच्या जोडीने देऊन फायदा नाही, त्रास मात्र वाढला. मेलाटोनिनचे अभ्यास आशा वाटावी असे आहेत, पण छोटे. इजिप्तमधल्या एका अभ्यासात किलोला १० मिलिग्रॅम दिलं होतं. तुमच्या तीन किलोच्या बाळाला झोपेच्या ३ मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या झाल्या त्या. चाचणीबाहेर मी देणार नाही.”

मी गप्प झालो. मग सिस्टरची तक्रार सांगितली, निदान ती तरी पटेल म्हणून. बाई हसल्या. “पूर्ण दिवसांच्या बाळाला श्वास देताना सुरुवात साध्या हवेनेच करतात, २०१० पासून तसंच सांगितलं जातं. हवेत २१ टक्के असतो, तेवढा पुरतो. उगाच शंभर टक्के दिला तर फ्री रॅडिकल वाढतात. ठोके सुधारत होते म्हणून सिलिंडर जोडला नाही. तुम्हाला हवं ते अँटिऑक्सिडंट त्यांनी पहिल्याच मिनिटाला दिलं होतं.”

बायको तिकडे तालुक्याच्या दवाखान्यातच होती. तिसऱ्या दिवशी भावाने तिचा चीक निर्जंतुक डबीतून आणला. थेंब-थेंब दिला. ७२ तास झाल्यावर तासाला अर्ध्या अंशाने ऊब द्यायला सुरुवात झाली. त्या सहा तासांत मी मॉनिटरवरून डोळे काढले नाहीत. पहाटे ३६.५ झालं तेव्हा त्याने कुरकुर केली. रडणं म्हणावं इतकं नव्हतं ते.

आठव्या दिवशीच्या एमआरआयमध्ये थोडा दोष दिसला. तिसऱ्या महिन्यात पाठीवर झोपवून व्हिडिओ काढला. या वयात दिसायला हव्यात त्या हातापायांच्या बारीक वळवळी आहेत, हे बाईंनी दोनदा पाहून सांगितलं. डावा अंगठा अजून मुठीत धरतो, फिजिओथेरपी सुरू आहे. पुढचं कसं असेल, ते दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत नक्की सांगता येणार नाही, म्हणतात.

मध्यंतरी त्या सिस्टरना भेटायला गेलो. माफी मागितली. त्या गोंधळल्या.

“तुम्ही ओरडला होतात? मला नाही ऐकू आलं. मी ‘श्वास, दोन, तीन’ मोजत होते.”