फुटलेलं क्लच कव्हर आणि म्हापशातला मुक्काम

गाय वाचली, गाडी नाही. चंदगडवरून तिलारी घाट उतरून, दोडामार्ग मागे टाकून आम्ही गोव्यात शिरलो आणि अस्नोड्याच्या अलीकडे जांभ्याच्या बारीक खडीवर माझी १९९५ ची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल उजव्या अंगावर झोपली. माझं खरचटण्यावर भागलं. ब्रेकचं पेडल मात्र आत वाकून थेट क्लच कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूच्या अॅल्युमिनियमच्या झाकणावर बसलं होतं. किकच्या खाली बोटभर तडा आणि त्यातून ऑइलची धार.

मागून येणाऱ्या दाजींनी आधी पेट्रोलचा कॉक बंद केला, मग गाडी डावीकडे चांगली कलती करून बांधाला टेकवली. तडा उजवीकडे असेल तर हेच करा. निम्मं ऑइल तरी वाचतं. आरएक्ससारख्या टूस्ट्रोकला एक सवलत आहे. पिस्टनला वंगण मिळतं पेट्रोलबरोबर जाणाऱ्या टूटी ऑइलचं, कव्हरमधलं ऑइल गिअर आणि क्लचपुरतं. ते गेलं म्हणून इंजिन लगेच जाम होत नाही, गिअर मात्र झिजतात. फोरस्ट्रोक गाडीला बहुधा सगळीकडे तेच एक ऑइल असतं. तिथे गाडी ढकला, चालवू नका.

माझ्याकडे एम-सील होतं, म्हणजे मळून लावायचं आणि नंतर घट्ट होणारं लुकण. रुमालाने पुसलं, लावलं, पाच मिनिटांत सुटून आलं. “तेलकट कपाळावर टिकली राहते का कधी?” दाजी म्हणाले. मग पेट्रोलने तीनदा धुतलं, पॉलिश पेपरने घासून पांढरं केलं, पुन्हा लावलं आणि चांगला तासभर झाडाखाली बसलो. तेवढ्यावर म्हापसा गाठलं.

तिथे शुक्रवारचा बाजार. गर्दी विचारू नका, आणि त्यात दुपारची झोप! गोव्यात एक ते तीन-चार बरीच गॅरेजं बंद असतात, रविवारी तर विषयच नको. पत्ता विचारायचा तर पायलटला, म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याला. त्यांचं पोट गाडीवर असतं, त्यामुळे कोणाचा हात चांगला हे त्यांना पक्कं ठाऊक. “कितें जालें, पात्रांव?” एवढं विचारून एकाने आम्हाला गल्लीतल्या आर्गॉन वेल्डिंगवाल्याकडे, म्हणजे अॅल्युमिनियम जोडणाऱ्याकडे, नेऊन सोडलं.

त्या गृहस्थाने गाडीवर असलेल्या कव्हरला हात लावायला साफ नकार दिला. बरोबरच होतं. कव्हर उतरवताना जुने स्टार स्क्रू जागचे हलत नाहीत. साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी घालवण्यापेक्षा इम्पॅक्टने, म्हणजे हातोडीने ठोकलं की फिरणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने सोडवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या-त्या जागी खोचून ठेवा. किकचं ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारं रबरी कडं, वेल्डिंगआधी काढा, नाहीतर जळतं. त्याने माझं एम-सील खरवडून टाकलं, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग खाच केली, कव्हर गरम करून आत मुरलेलं ऑइल बाहेर काढलं आणि त्यानंतरच वेल्डिंग. वाईट अॅल्युमिनियमवर घाईने केलेलं वेल्डिंग बुडबुड्यांनी भरतं, असं त्याचं म्हणणं.

वेल्डिंगने कव्हर किंचित पिळवटतं. काचेवर पॉलिश पेपर पसरून पॅकिंगची (कव्हर आणि इंजिनामध्ये बसणाऱ्या कागदी गॅस्केटची) बाजू सपाट होईपर्यंत घासायला माझी अर्धी सकाळ गेली. पॅकिंग तयार मिळालं नाही. मेकॅनिकने पॅकिंग पेपर कव्हरच्या कडेवर ठेवून हातोडीने हलके ठोकत जागच्या जागी कापलं. ते बघण्यासाठी तरी जुनी गाडी ठेवावी. स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळले. २०डब्ल्यू४० ऑइलची एक बाटली पुरून उरली.

शनिवारी रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कोरडं.

निघताना वेल्डरने पेडलमध्ये पाइप अडकवून ते बाहेर ओढून दिलं. आता पेडल आणि कव्हरमध्ये माझा अंगठा जातो.