इथे कोणाचं सिमकार्ड चालतं?

आडगावी उतरलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. पाण्याचं नंतर. गंमत म्हणजे ज्याला विचारावं तो आधी कंपनीचं नाव घेत नाही, हात उचलतो. "त्या टेकाडावर अमक्याचं. विहिरीपाशी तमक्याचं. घरात कुणाचंच नाही."

हे शहाणपण मला उशिरा आलं. मावशीसाठी पहिलं कार्ड घेतलं ते नकाशा बघून. कंपनीच्या नकाशात तिचा अख्खा मुलूख एकाच रंगात लिंपलेला होता. तो रंग काही कुणी बांधाबांधाने हिंडून भरलेला नसतो. टॉवरची उंची, लहरींची वारंवारता, जमिनीचे चढउतार संगणकात घालून काढलेला तो अंदाज, आणि तोही बहुधा उघड्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी. मावशी राहते पत्र्याखाली. पत्रा लहरींना दारातूनच परत पाठवतो. ओली पानंही थोडं थोडं गिळतात. उन्हाळ्यात गुणी वाटलेलं कार्ड रान हिरवं झालं की रुसतं ते त्यामुळे.

मग कळलं की नावापेक्षा बँड विचारावा, म्हणजे कंपनी कुठल्या वारंवारतेच्या लहरी वापरते ते. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते, ३५०० ची जेमतेम साडेआठ. लांब लहर टेकाडाला थोडा वळसा घालते, भिंतीतूनही बरी झिरपते, म्हणून विरळ वस्तीत ७०० ते ९०० च्या आसपासचे बँड कामाचे. आखूड लहरीवर इंटरनेट वेगाने चालतं खरं, पण ती गर्दीतल्या जवळजवळच्या टॉवरांची. तेव्हा ५जीची जाहिरात वाचून भुलू नये. कुठल्या बँडवरचं, ते विचारावं. आणि आपल्या फोनला तो बँड कळतो का, हेही. जुन्या फोनला बँडच ठाऊक नसेल तर कार्ड बदलून काय उपयोग?

काड्यांवर तर माझा मुळीच विश्वास राहिला नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. खरा आकडा सेटिंगमध्ये दडलेला असतो, डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, आणि उणे चिन्हासकट. दर १० ने सिग्नल दहापट घटतो, म्हणजे उणे ९५ आणि उणे ११५ यांत शंभरपटीचा फरक. शिवाय टॉवर २०-४० वॅटने ओरडतो, आपला ४जी फोन फार तर ०.२ वॅटने कुजबुजतो. त्यामुळे कधी कधी त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला नाही. दोन काड्या दिसतायत, फोन मात्र लागत नाही, अशा वेळी मावशी मला दोष देते आणि मी फोनला. तिकडे तो बिचारा सगळा जोर लावून हाका मारत असतो. बॅटरी तिथेच संपते.

एकदा मी फार हुशारी केली. दोन कंपन्यांची दोन कार्डं एकाच फोनात घातली. एक गेलं तर दुसरं आहेच. पहिल्याच वादळात वीज गेली, काही तासांनी टॉवरची बॅटरी बसली आणि दोन्ही कार्डं एकदमच गतप्राण झाली. चौकशी केली तेव्हा समजलं, दोघांचीही यंत्रं त्याच एका खांबावर टांगलेली! आता मी विचारतो, दुसऱ्याचा टॉवर कुठल्या बाजूला आहे? आणि वीज गेल्यावर किती वेळ तग धरतो? दुसरा प्रश्न दुकानदाराला विचारून उपयोग नाही. तिथे राहणाऱ्यालाच विचारावा लागतो.

हे सगळं मी मावशीला समजावून सांगितलं, बँड, डीबीएम, खांब. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, कार्ड तुला हवं ते घे," ती म्हणाली. "फक्त जिन्याच्या चौथ्या पायरीवर चालायला हवं. तिथे मी उशी टाकून ठेवलीय."

नवं कार्ड तिथे उणे १०२ दाखवतं. फोन केला की अजूनही पहिलं वाक्य तेच येतं: "थांब रे, पायरीवर जाते."