गच्चीची किल्ली

रविवार, रात्रीचे ११

आजची विशेष सर्वसाधारण सभा साडेतीन तास चालली आणि विषय एकच होता: गच्चीच्या दाराला लावलेले कुलूप. डोंबिवलीतली आमची इमारत चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची. पण या एका कुलपावरून गेल्या दीड महिन्यात इथे जी कटुता साचली, ती मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. त्या कटुतेत माझाही वाटा आहे, हे आज लिहून ठेवायलाच हवे.

कुलूप चौथ्या मजल्यावरच्या काकांनी एप्रिलमध्ये लावले. उन्हाळा हा आमच्या गच्चीचा खरा हंगाम. जुन्या साड्या अंथरून त्यांच्या कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, मिरगुंडे, सांडगी मिरच्या असे सगळे वाळवण वर घालायचे, ही इथली रीत. त्या दिवशी सासूबाई गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्या घेऊन सकाळी सातला वर गेल्या, तर दार बंद. चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा लागतो. तो पातेल्यात थिजेपर्यंत त्या गुडघे धरून जिन्यातच बसून राहिल्या. त्यांना तसे बसलेले पाहून मला जो संताप आला, त्याच संतापात मी दुपारी पत्र लिहिले आणि बारा सभासदांच्या सह्या घेतल्या. गच्ची ही संस्थेची सामाईक जागा आहे, कोणाही एका सभासदाला ती बंद करता येत नाही, आणि आग लागून जिना धुराने भरला तर वर जाण्याची वाट मोकळी असायला हवी, असे त्या पत्रात होते. त्यातला एकही शब्द मला आजही मागे घ्यावासा वाटत नाही.

काकांचे उत्तर मात्र एका कागदाचे होते. त्यावर त्यांनी गच्चीतून होणाऱ्या गळतीबद्दल दोन वर्षांत दिलेल्या चार अर्जांच्या तारखा होत्या. चारही अर्जांच्या प्रतींवर ‘मिळाले’ असे लिहून सही केलेली होती, आणि समितीची सदस्य या नात्याने ती सही माझी होती.

सभेची नोटीस द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांची आतली खोली पहिल्यांदा नीट पाहिली. पलंग बाहेरच्या खोलीत आणलेला. छताचे प्लास्टर दोन ठिकाणी सुटून आतल्या सळ्या दिसत होत्या, आणि त्या गंजल्या होत्या. गेल्या दोन पावसाळ्यांत कोणत्या फरशीवर कोणते पातेले ठेवावे लागत होते, हे काकूंनी बोट दाखवून सांगितले. आवाज चढवला नाही, तक्रारही केली नाही.

गळतीचे कारणही शोधायला कठीण नव्हते. आमच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा उतारावर घातलेला कोबा आहे आणि त्यावर सिमेंटचा थर. घरोघरी डिश आली तेव्हा तिचे स्टँड आम्ही त्याच कोब्यात भोके पाडून बोल्टांनी पक्के केले. पुढे अनेकांनी डिश काढली, पण गंजलेले स्टँड तसेच राहिले. त्यांत एक आमचाही आहे. अशा भोकांतून शिरलेले पाणी कोब्याच्या पोटातून वाट काढत जाते आणि भलत्याच जागी छतातून टपकते. त्यामुळे काका दरवर्षी स्वतःच्या पैशाने आतून जे लेपन करत होते, त्याचा काही उपयोग होणे शक्यच नव्हते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नियम, याबाबत स्पष्ट आहेत. न्हाणीघरातून किंवा मोरीतून होणारी गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने थांबवायची. गच्चीतून होणारी गळती मात्र संस्थेने. त्यासाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दुरुस्ती निधीत घ्यावी, असेही त्यांत आहे. आम्ही महिन्याचे बिल कमी दिसावे म्हणून हा निधी वर्षानुवर्षे नाममात्र ठेवला, आणि त्या प्रत्येक ठरावाला मी हात वर केला आहे. कुरडया घालताना गच्ची सोळा घरांची होती; ती गळू लागली, तेव्हा फक्त चौथ्या मजल्याची झाली.

सभेत ‘आम्हाला गच्चीचा काय उपयोग?’ हा तळमजल्याचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. मग काका म्हणाले, की घर घेताना बिल्डरने गच्ची तुमचीच समजा असे त्यांना सांगितले होते. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या तरुण वकिलाने सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑगस्ट २०१० चा निकाल काढला. दहिसरच्या एका संस्थेच्या त्या प्रकरणात, इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा सामाईक असल्यामुळे बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले होते. जी जागा कागदावर विकता येत नाही, ती तोंडी शब्दाने कशी देता येईल, असा त्याचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता. काका गप्प झाले, दोघातिघांनी बाके वाजवली, आणि मला ते अजिबात आवडले नाही. मालकी हा काकांचा प्रश्न कधी नव्हताच. चार अर्जांना उत्तर न मिळालेल्या माणसाच्या हाताला जे लागले, ते त्याने धरले होते.

तेव्हा मी उठले आणि ते चारही अर्ज तारखांसह मोठ्याने वाचून दाखवले. त्यानंतरची चर्चा निराळ्या सुरात झाली. या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, सगळे जुने स्टँड काढायचे, भोके बुजवायची, पाण्याच्या वाटा साफ करायच्या आणि काकांच्या खोलीवरच्या भागावर ताडपत्री घालायची. दिवाळीनंतर कोबा पूर्ण उखडून नवे वॉटरप्रूफिंग करायचे, त्यासाठी प्रत्येक घराने वर्गणी द्यायची आणि दुरुस्ती निधी उपविधींप्रमाणे घ्यायचा. दाराला कुलूप नको, नुसती कडी पुरे. तळमजल्याचे दोन हात शेवटपर्यंत वर झाले नाहीत. बाकी ठराव मंजूर झाला.

सभा संपल्यावर काकांनी किल्ली अध्यक्षांना दिली नाही. माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि निघून गेले. मला काही बोलता आले नाही.

प्लंबर उद्या सकाळी आठला येणार आहे. पहिला स्टँड आमचा काढायला सांगितला आहे. तो निघाला, की खाली येताना चौथ्या मजल्यावर थांबायचे आहे, कारण सभेत अर्ज वाचले, तरी माफी मागायची राहून गेली आहे.