पिवळ्या कार्डासाठी तीन फेऱ्या

मी पाहून आलेल्या ॲमेझॉनच्या जंगलाबद्दल सगळेच विचारतात. साप होते का, ॲनाकोंडा दिसला का, खायला काय मिळायचं. त्यासाठी लस घेतल्याचं पिवळं कार्ड कसं मिळवलं, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही, आणि मला खरं तर तेच सांगायचं आहे.

२०१८ च्या जूनमधली गोष्ट. माझी मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक गट आठ दिवसांसाठी पेरूत, ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका गावी निघाला होता. प्रार्थना, मुलांचे वर्ग आणि जमेल तेवढं औषधपाणी असा बेत. त्यांना रक्तदाब मोजणारं माणूस हवं होतं. मी नगरची, उभा जन्म नर्सिंगमध्ये गेलेला. अमेरिकेचा व्हिसा हातात होता, आणि तो सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असेल तर पेरूचा वेगळा लागत नाही. पाळकसाहेबांनी उपासनेत प्रार्थना केली, महिला मंडळाने औषधांसाठी वर्गणी काढली. राहिली ती एक लस, पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची.

गंमत अशी की ते कार्ड पेरू मागत नव्हता. मागतं आपलंच सरकार, परत येताना. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मात्र घरोघरी आहे, म्हणून ही काळजी. कार्डाशिवाय आलात तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आणि कार्ड राहू द्या, त्या जंगलात रोग खराच असतो, तेव्हा लस टाळायचा प्रश्नच नव्हता. ह्यूस्टनमधला तिचा भाव ऐकून मी फोनच ठेवला. आपल्याकडे तेव्हा ३०० रुपये. फक्त ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि आमच्याकडून त्यातलं जवळचं केंद्र एसटीने तीन तासांवर. शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही.

पहिल्या फेरीला मी मंगळवारी गेले. दारावर कागद चिकटवलेला: लसीकरण बुधवारी आणि शुक्रवारी. आदल्या आठवड्यात मी सहा वेळा फोन केला होता, एकदाही कुणी उचलला नाही. आत दोघं बसले होते, फोन त्यांच्या मधोमध. मी म्हटलं, "भाऊ, हा वाजतो का?" ते म्हणाले, "वाजतो ना मॅडम."

दुसऱ्या फेरीला शुक्रवार गाठला. साडेनऊला हजर. पासपोर्ट, त्याची झेरॉक्स, तिकिटाची झेरॉक्स, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. अकरा वाजता कळलं की आम्ही तिघंच आहोत आणि पाच जण झाल्याशिवाय कुपी फोडणार नाहीत. आता मी स्वतः बीसीजीच्या कुप्या फोडलेल्या आहेत. पूड एकदा पातळ केली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची, आणि ही तर मुळात तुटवड्याची लस. नियम मला शंभर टक्के पटतो. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमची तिघांची नावं साडेनऊलाच वहीत लिहिली होती. तेव्हाच सांगितलं असतं तर मी बाहेर जाऊन दोन माणसं धरून आणली असती!

गंमत नव्हे, शेवटी तेच केलं. माझ्यासोबत एक रत्नागिरीचा मुलगा होता, मर्चंट नेव्हीत पहिल्यांदाच जहाजावर चढणारा, आणि एक युगांडाला निघालेले व्यापारी. तिघांनी तिथल्याच बाकावर व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला. नाव त्या मुलाने ठेवलं: 'कुपी'. त्याने आपल्या बॅचमधले आणखी दोघे ओढले. "काकू, बुधवारी पाच नक्की," असा त्याचा निरोप आला तेव्हा मी खरोखर गुडघे टेकून आभार मानले. जाणार असाल तर हे आधी करा. ट्रॅव्हल एजंटला विचारा, त्यांच्याकडे लस बाकी असलेली माणसं असतातच.

तिसरी फेरी. पाच जण, कुपी फुटली, सुई टोचली. अंड्याची ॲलर्जी आहे का, हे मात्र नीट विचारलं. लस अंड्यात वाढवतात, म्हणून. साठीच्या पुढे असाल तर डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, त्या वयात ही लस सरसकट देत नाहीत. अर्धा तास बसवून ठेवलं आणि कार्ड हातात दिलं. पाहते तर पासपोर्ट क्रमांकात ३ चा ८ केलेला.

दाखवल्यावर बाबूंनी पेन काढून त्या ८ वरच ३ गिरवायला घेतला. मी कार्ड खेचून घेतलं. कारण कार्डावरच छापलेलं असतं की खाडाखोड केलीत तर ते अवैध ठरू शकतं. बाबू म्हणाले, "मॅडम, एवढं कोण बघतं?" मी म्हटलं, "तुम्हीच छापलंय, मग मी तरी बघणारच." मग नवं कार्ड. नव्या कार्डावर साहेबांची सही हवी, आणि साहेब मीटिंगला गेलेले. एक ते पावणेपाच मी त्या बाकावरून हलले नाही. डबाही तिथेच खाल्ला. सही झाल्यावर मी सगळे आकडे पासपोर्टशी बोटाने जुळवून पाहिले. तुम्हीही काउंटर सोडण्याआधी जुळवा.

लसीनंतर दहा दिवस झाले की कार्ड लागू होतं. पेरूतल्या इकितोस शहरात मी उतरले तो तेरावा दिवस. आणखी एक आठवडा हुकला असता, तर लस अंगी लागायच्या आतच मी जंगलात पोहोचले असते. २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं, एवढी एकच मेहेरबानी.

आता जंगल. इकितोसला रस्त्याने जाताच येत नाही, विमान किंवा बोट. तिथून नौता हे गाव साधारण १०० किलोमीटर, आणि पुढे मारान्योन नदीतून कित्येक तास होडी. गाव कुकामा या तिथल्या आदिवासींचं, घरं खांबांवर, कारण नदी दरवर्षी अंगणात येते. सर्वांत जास्त मागणी माझ्या रक्तदाबाला नव्हती. आम्ही नेलेल्या वाचायच्या चष्म्यांना होती. दीड आणि दोन नंबरचे दुसऱ्या दिवशीच संपले, तेव्हा नेलात तर तेच जास्त न्या. आणि रबरी गमबूट. मलेरियाच्या गोळ्या जाण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही घ्यायच्या असतात; आमच्यातल्या दोघांनी घरी येताच सोडल्या.

सुवार्ता सांगायला म्हणून गेलो, तर गावात पत्र्याच्या छपराची मंडळी आधीच उभी. पाळक तिथलेच, सकाळी मासे धरायचे, संध्याकाळी उपदेश. आमच्या गटातल्या काहींचा थोडा हिरमोड झाला. माझा नाही. नगरला अमेरिकेतल्या मिशनऱ्यांचं अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं, तेव्हा बोटीतून उतरणारे पाहुणे ते होते. आठ दिवसांसाठी होडीतून उतरणारी पाहुणी मी असेन, हे माझ्या आजीला खरं वाटलं नसतं. रात्री त्यांनी गिटारवर गायलं, मी टाळ्यांच्या ठेक्यावर मराठी भजन म्हटलं. दुभाषी म्हणाला, शब्द काय ते सांगा. मी म्हटलं, राहू दे, त्यांना ठेका कळलाय.

परतीला मुलीकडे आठ दिवस राहिले, मग मुंबई. विमानतळावर आरोग्य कक्षासमोर मी फोल्डर उघडून उभी. तिथल्या बाई म्हणाल्या, "पेरूहून निघून सहा दिवसांच्या वर झालेत ना? मग कार्ड लागत नाही."

मी तरी दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं, जा."

'कुपी' ग्रुप अजून चालू आहे. परवा त्या रत्नागिरीच्या मुलाने कुणाला तरी त्यात घेतलं, घानाला निघालेला. विचारत होता, केंद्राचा फोन कधी उचलतात. मी लिहिलं, बुधवारी जा, डबा घेऊन जा.