भांगाच्या दिवशी खाडीत

रोहित पक्षी पाहायला भरतीची वेळ पाहून निघावे, हे मला माहीत होते. तिथीही पाहावी लागते, हे मात्र ठाण्यात जन्म काढूनही ठाऊक नव्हते. फेब्रुवारीतल्या एका अष्टमीला मी भाचीला घेऊन ऐरोलीच्या बाजूने खाडीत शिरले. बोटीत निम्म्या मंडळींनी भ्रमणध्वनीवर गाणी लावली होती, त्याविषयी न लिहिलेलेच बरे.

२०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झालेल्या या खाडीत गुलाबी गालिचा दिसणार, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात दूर चिखलाच्या पट्टीवर एक फिकट रेघ तेवढी दिसत होती. बोट आणखी पुढे का जात नाही, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. नावाडी शांतपणे म्हणाले, "आज भांग हाय, ताई. पाणी चढंल, पण जोर नाय करणार."

अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात विभागली जाऊन भांगाची भरती येते, हे मी शाळेत पाठ केले होते. आपल्या मनाला आणि आनंदाला उधाण येते, प्रेमाला भरती येते. परंतु मन भांगावर आहे, असे म्हटलेले माझ्या तरी वाचनात नाही. वास्तविक माझे बहुतेक दिवस तसेच असतात: पाणी थोडे चढते, थोडे उतरते, आणि होडी हलत नाही.

काठावरचे तिवर पाहताच माझ्या तोंडून बालकवींची ओळ आली, "पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर." भाचीने तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेल्या शेकडो काड्यांकडे बोट दाखवले. या खारट चिखलात हवा नसल्यामुळे तिवराची मुळे श्वास घेण्यासाठी अशी वर येतात. "आत्या, हे झाड कुठे निवांत बसलंय? त्याला तर धाप लागली आहे," ती म्हणाली. मी निरुत्तर झाले. औदुंबराची ती उदास, गोड शांतता बालकवींच्या मनातली होती. मी ती उचलून तिवरावर टाकली होती, आणि तेही झाडाकडे नीट न पाहता.

मग तिने नावाड्यांना विचारले, "काका, तुम्हाला ते पक्षी कशासारखे दिसतात?" क्षणाचाही विचार न करता ते म्हणाले, "सोडे वाळत घातलेत जणू." सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी; बोटीतले दोघेतिघे हसले. मला मात्र बहिणाबाई आठवल्या. "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर" असे म्हणायला पिकात शिरलेले ढोर स्वतः हाकललेले असावे लागते. ती प्रतिमा शेतातून आली, ही सोडे वाळवण्याच्या अंगणातून. भाचीला तर ती रेघ फळ्यावर खडूने ओढून हाताने पुसल्यासारखी वाटली. दहावीचे वर्ष आहे, तिला दुसरे काय दिसणार? मला कशासारखी वाटली, हे कोणी विचारले नाही याचे मला हायसे वाटले, कारण आठवून ठेवलेल्या ओळींपलीकडे माझ्याजवळ काहीच नव्हते.

परतीचा प्रवास, उसाचा रस आणि पुलावरची वाहतूककोंडी यांत संध्याकाळ संपली.

रात्री भाची रसग्रहणाच्या सरावाची वही घेऊन बसली. निसर्गप्रतिमेचे स्वतःचे एक उदाहरण लिहायचे होते. "सोड्यांचं लिहू का? गुण कापतील का गं?" असे तिने विचारले. दिवसभर इतके सगळे पाहून-ऐकूनही मी तिला औदुंबरच लिहायला सांगितले.