अजून तेच का?

बुधवार, रात्री

"अजून तेच का?" तीन शब्द. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी माझा नेहमीचाच विषय सांगितला, तेव्हा सभा चालवणाऱ्या ताईंनी वहीतून मान वर करून सहज विचारलं आणि पुढच्या प्रार्थनाविषयाकडे वळल्यासुद्धा. कुणाची बदली, कुणाचं ऑपरेशन. सगळ्यांनी डोळे मिटले. माझे मिटले नाहीत.

हो, तेच. दर बुधवारी नवीन संकट कुठून आणू?

येताना ठरवूनच टाकलं की पुढच्या वेळी विषय सांगायचा नाही. "स्तुती-उपकार" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण जेझुइट संघाच्या संस्थापकाचा, लोयोलाच्या इग्नाशियसचा नियम आडवा आला. मन कोरडं पडलेलं असताना आधीचा ठराव बदलायचा नाही, कारण तो केला त्या दिवशी डोकं ठिकाणावर होतं. उलट अशा दिवशी तासभर प्रार्थना ठरली असेल तर तासाच्या वर थोडं बसावं, शत्रूचा, म्हणजे सैतानाचा, डाव तास तोडण्याचाच असतो. आज माझा तास पुरा झाला नाही. तेही इथे लिहून ठेवते.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियसने आठ दुष्ट विचार मोजले. त्यातला सगळ्यात जड म्हणजे साधनेचा वीट. त्याला तो भर दुपारचं भूत म्हणतो. वेळही देतो, आपल्या हिशेबाने साधारण दहा ते दोन. सूर्य जागचा हलत नाही, माणूस सारखा खिडकीबाहेर बघतो, हातातलं काम नकोसं होतं. (मे महिन्यात नागपुरातल्या आमच्या सदरच्या रस्त्यावर हे सांगायला वाळवंटातला साधू लागत नाही.) मला टोचलं ते त्याच्या पुढचं. हे भूत मग कानात सांगतं की भावाभावांत प्रेम उरलेलं नाही, धीर देणारं कुणी नाही. आणि त्याच दिवसांत कुणी मन दुखावलं असेल तर तेही उकरून समोर ठेवतं. सोळाशे वर्षांपूर्वी माझा बुधवार लिहून ठेवलाय बुवाने!

त्याचा उपाय अगदी रुक्ष आहे. खोली सोडायची नाही. आणि स्वतःचे दोन भाग करून एकाने दुसऱ्याची समजूत घालायची, बायबलमधल्या स्तोत्र 42 मध्ये आहे तशी: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? मी दोन भाग केले, पण समजूत घालणारा भागही रुसून बसला.

अर्थात सगळं शत्रूवर ढकलण्याचीही आपल्याकडे सवय आहे. आज सभेत कूलर बंद पडला तर मागून आवाज आला, "शत्रू अडथळा आणतोय." पंप क्षाराने जाम होतो हो. त्याला येशूच्या नावात धमकावण्यापेक्षा खोलून ब्रशने घासावा. एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दोनदा झोप, दोनदा भाकर आणि पाणी. बोलणं त्यानंतर, डोंगरावर. तेव्हा जागरण किती झालं, जेवण कधी झालं, हे आधी बघावं. मी आज दुपारी जेवले नव्हते.

पण तरी. अजून तेच का?

अंथरुणावर पडल्यावर तोच प्रश्न वचनाचा वेष घेऊन आला. मत्तय 6: प्रार्थनेत व्यर्थ बडबड करू नका. चपखल! सैतानाला वचन पाठ असतं, हे विसरायला होतं. येशूला मोहात पाडताना मंदिराच्या शिरोभागावर त्याने स्तोत्र 91 म्हणून दाखवलं होतं. तिथे येशूने वाद घातला नाही, वचनाला वचनाने उत्तर दिलं, तिन्ही मोहांच्या वेळी जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातून. म्हणून मीही त्याच मत्तयात पुढे गेले. 26:44. गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली, आणि शब्द कोणते? पुन्हा तेच. लूक 18 मधल्या विधवेचंही एकच गाऱ्हाणं, इतक्या वेळा की न्यायाधीशाच्या तोंडी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ डोळ्याखाली ठोसा बसणे असा होतो. पौल मात्र शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा मागून थांबला, कारण त्याला उत्तर मिळालं होतं. मला मिळालं असेल आणि मीच... हे आज नको.

इफिस 6 मधली विश्वासाची ढाल, जिने सैतानाचे जळते बाण विझवायचे, ती हातातली छोटी गोल ढाल नव्हे. ग्रीक शब्द दारावरून आलेला, दाराएवढी उभी ढाल. रोमी शिपाई ती शेजाऱ्याच्या ढालीला भिडवून उभे राहत. जळता बाण समोरून आला तर ठीक आहे, शेजारची ढालच अंगावर आपटली तर काय करायचं? त्याच अध्यायात, जरा वर, बारावं वचन आहे: आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. म्हणजे ताईंबरोबर नाही. पटतं. रुचत नाही.

आपल्या सदरच्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स फार घरगुती बोलतात. लांडगा आणि अस्वल माशांपेक्षा धोक्याचे खरे, पण जीव नकोसा करतात त्या माशाच. अशा बारीक मोहांशी हुज्जत घालू नये, भुणभुणू द्यावं, आपण देवाकडे तोंड वळवावं. मी तर एका माशीमागे पानभर धावले.

आता वाचताना जाणवलं, "अजून" म्हणायला आधीचं लक्षात असावं लागतं. बाकी कुणी विचारलंच नव्हतं. ताईंच्या त्या वहीत माझी ओळ असणार, खोडलेली नसणार, दर बुधवारी त्यांची नजर तिच्यावर पडत असणार. लढाई चालू असताना मोशेचे प्रार्थनेत वर केलेले हात अहरोन आणि हूर धरून उभे होते, तेव्हा त्यांनीही सूर्य मावळेपर्यंत एकदा तरी विचारलं असेल, अजून किती?

तरी ताईंना जरा हळू विचारता आलं असतं.

पुढच्या बुधवारी वही उघडली की सांगेन. हो ताई, तेच.